वाट सर्वांची

रस्ता, बसथांबा, रेल्वेस्थानक, टपाल कार्यालय, बँक, दवाखाना, वाचनालय, न्यायालय, उद्यान ही सारी सार्वजनिक स्थळे होत. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचे. अशा स्थळांवर कोणा एकाची मालकी नसते आणि तेथे येण्यास कोणालाही मज्जाव नसतो, असे गृहीत धरले जाते. परंतु दवाखान्याच्या दारापुढे पाच पायऱ्या असतील आणि आत जाण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या रुग्णाला तो दवाखाना बंदच असतो. बसचा क्रमांक केवळ पाटीवर रंगवलेला असेल, तर अंध प्रवाशाला सर्व बसगाड्या सारख्याच वाटतात. गाडीचा फलाट बदलल्याची सूचना केवळ ध्वनिक्षेपकावरून दिली गेली, तर कर्णबधिर प्रवासी जुन्याच फलाटावर वाट पाहत राहतो. यांपैकी कोठेही प्रवेश नाकारणारी पाटी लावलेली नसते. तरीही प्रवेश नाकारला गेलेला असतो.

अपंगत्वाचा विचार दीर्घकाळ व्यक्तीच्या शरीरापुरताच केला जात असे. पाय अधू आहे म्हणून जिना चढता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही म्हणून पाटी वाचता येत नाही, असे म्हणून विषय तेथेच संपत असे. मग उरत असे ती केवळ दया. या विचारात गेल्या काही दशकांत मूलभूत बदल झाला. जिना चढता येत नाही, तर तेथे केवळ जिनाच का बांधला? पाटी वाचता येत नाही, तर माहिती केवळ पाटीवरच का दिली? असे प्रश्न अपंग व्यक्तींच्या चळवळींनी जगभर विचारले. अडथळा शरीराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, रचनेत असतो, हे या प्रश्नांतून स्पष्ट झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्यामागे हीच भूमिका आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या करारनाम्यास मान्यता दिली. इमारती, रस्ते, वाहतूक, माहिती आणि संपर्काची साधने ही सर्व अपंग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने वापरता आली पाहिजेत, असे त्याचे नववे कलम सांगते. या गुणाला मराठीत 'सुगम्यता' असे म्हटले जाते.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण २.२१ टक्के होते. त्या वेळी अपंगत्वाचे मोजकेच प्रकार विचारात घेतले जात. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारांचा उल्लेख होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तो २१ प्रकारांपर्यंत वाढवण्यात आला. 'दिव्यांग' हा शब्द आता शासकीय व्यवहारात रूढ झाला आहे. यांशिवाय गुडघे दुखणारे वृद्ध, गर्भवती स्त्रिया, कडेवर मूल घेतलेले पालक, पायाला प्लास्टर घातलेली व्यक्ती या सर्वांनाही त्याच पायऱ्या आणि तेच उंच पदपथ आडवे येतात. दीर्घायुष्य लाभलेला प्रत्येक मनुष्य केव्हा ना केव्हा या समूहात सामील होतोच.

अडथळा रचनेत असेल, तर त्यावरील उपायही रचनेतच शोधावा लागतो. या शोधात तंत्रज्ञानाची मोठी मदत झाली आहे. मात्र तंत्रज्ञान म्हणजे केवळ संगणक आणि भ्रमणध्वनी नव्हेत. या क्षेत्रातील सर्वांत यशस्वी शोधांपैकी दोन शोध अगदी साधे आहेत. अमेरिकेतील कॅलमझू या शहरात दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ साली पदपथांच्या कोपऱ्यांना उतार देण्यात आले. पदपथ जेथे रस्त्याला मिळतो तेथील उंच कडा काढून टाकणे, एवढेच त्याचे स्वरूप. पुढे असे उतार जेथे जेथे झाले, तेथे त्यांचा लाभ बाबागाडी ढकलणाऱ्या मातांना, हातगाडीवाल्यांना आणि सामान ओढून नेणाऱ्या प्रवाशांनाही झाला.

दुसरा शोध जपानमधील सेईइची मियाके यांचा. त्यांच्या एका मित्राची दृष्टी मंदावत चालली होती. त्याला वाटेवर सुरक्षित चालता यावे म्हणून मियाके यांनी १९६५ साली उंचवटे असलेल्या फरश्या तयार केल्या. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळील रस्त्यावर त्या प्रथम बसवण्यात आल्या. आज जगभरातील रेल्वेस्थानकांत दिसणाऱ्या पिवळ्या फरश्यांचे मूळ हेच. या फरश्यांची एक लिपीच आहे. लांबट पट्ट्या असलेली फरशी 'या दिशेने पुढे चला' असे सांगते, तर गोल ठिपक्यांची फरशी 'थांबा, पुढे वळण, जिना किंवा फलाटाची कडा आहे' असा इशारा देते. काठीच्या टोकाने आणि पावलांच्या तळव्यांनी ही लिपी वाचली जाते. पिवळा रंगही निरर्थक नाही. अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तींना तो राखाडी जमिनीवर उठून दिसतो.

अशा पायावर इलेक्ट्रॉनिक साधनांची भर पडत गेली. अंध व्यक्तीच्या हातातील पांढरी काठी जमिनीवरील खड्डा, दगड, पायरी ओळखते. पण रस्त्यावर झुकलेली झाडाची फांदी, उघडी खिडकी, उभ्या मालमोटारीचा मागील भाग यांना ती स्पर्श करत नाही. अशा अडथळ्यांची जाणीव कपाळावर आघात झाल्यावरच होते. या अडचणीवर दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संशोधन झाले आणि २०१४ साली 'स्मार्टकेन' हे उपकरण वापरात आले. ते पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसवले जाते. त्यातून माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिलहरी बाहेर पडतात, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर ठरते. वटवाघूळ अंधारात याच रीतीने वाट काढते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरील अडथळा सुमारे ३ मीटर अंतरावर असतानाच मुठीला कंप सुटतो आणि अंतर जसे कमी होते तसा तो कंप बदलत जातो. सूचना आवाजातून न देता कंपातून देण्यामागेही विचार आहे. अंध व्यक्ती रस्त्यावरील वाहनांचा अंदाज कानांनी घेत असते. ते कान मोकळेच राहिले पाहिजेत.

बस ओळखण्याच्या अडचणीवरही याच संस्थेत 'ऑनबोर्ड' नावाची यंत्रणा तयार झाली. तिचा एक भाग प्रवाशाच्या हातात आणि दुसरा बसमध्ये असतो. थांब्याजवळ बस आल्याची चाहूल लागताच प्रवासी कळ दाबतो. रेडिओलहरींद्वारे जवळच्या बसगाड्यांशी संपर्क साधला जातो आणि त्यांचे क्रमांक यंत्र मोठ्याने उच्चारते. हवा असलेला क्रमांक निवडला, की त्या बसच्या दाराजवळील ध्वनिक्षेपक बोलू लागतो. बस कोणती हे तर कळतेच. पण दार कोठे आहे हेही कळते. दिल्लीच्या आणि मुंबईतील बेस्टच्या काही बसगाड्यांवर या यंत्रणेच्या चाचण्या झाल्या. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत याहूनही साधा उपाय योजलेला आढळतो. लोकलगाडीतील अपंगांसाठी राखीव असलेला डबा फलाटावर जेथे थांबतो, तेथे ठरावीक अंतराने 'बीप बीप' असा आवाज करणारे उपकरण बसवलेले असते. गर्दीच्या फलाटावर अंध प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने जाऊन योग्य जागी उभा राहतो.

रस्ता ओलांडणे हे तर दृष्टी आणि गती या दोहोंची परीक्षा पाहणारे काम. ऑस्ट्रेलियातील शहरांमध्ये चौकातील खांबावर पादचाऱ्यांसाठी जे बटण असते, त्यातून सिग्नल लाल असताना संथ ठोका ऐकू येतो आणि हिरवा होताच तो जलद होतो. बटणावरील बाण त्याच वेळी कंप पावतो. त्यामुळे जिला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा व्यक्तीलाही हात ठेवून संकेत कळतो. सिंगापूरने वेगळा प्रश्न सोडवला. तेथे वृद्धांना व अपंग व्यक्तींना हिरव्या दिव्याच्या अल्प अवधीत रस्ता पार करणे कठीण जात असे. २००९ पासून तेथील अनेक चौकांत अशी सोय आहे, की संबंधित व्यक्तीने आपले कार्ड खांबावरील यंत्राला लावले असता हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद अधिक काळ राहतो. किती सेकंद वाढवायचे, हे रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. वाहनांचा खोळंबा सरसकट वाढत नाही आणि ज्याला अधिक वेळ हवा त्याला तो मिळतो. 'स्मार्ट' या शब्दाचा खरा अर्थ येथे दिसतो. यंत्र चतुर असणे म्हणजे माणसाची गरज ओळखून स्वतःचे वर्तन बदलणे.

कर्णबधिर व्यक्तींच्या अडचणी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. तिकीटखिडकीच्या काचेपलीकडून बोललेले शब्द गोंगाटात हरवतात. श्रवणयंत्र लावले तरी ते सगळाच गोंगाट मोठा करते. यावर उपाय म्हणून खिडकीभोवती किंवा सभागृहाच्या जमिनीखाली तारेचे वेटोळे बसवले जाते. बोलणाऱ्याचा आवाज विद्युत्प्रवाहाच्या रूपाने त्या तारेतून वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि श्रवणयंत्रातील लहानसे वेटोळे ते ग्रहण करून त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करते. भोवतालचा गोंगाट वगळून केवळ बोललेले शब्दच कानापर्यंत पोचतात. ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक श्राव्य सूचना फलकावर अक्षरांत उमटणे आवश्यक असते. ज्यांची प्रथम भाषा सांकेतिक भाषा आहे, त्यांना त्या भाषेत माहिती मिळाली पाहिजे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली ३ हजार संज्ञांचा कोश चित्रफितींच्या रूपात उपलब्ध करून दिला. २०२१ पर्यंत त्यातील संज्ञांची संख्या १० हजारांवर गेली.

प्रत्यक्ष स्थळाइतकीच त्या स्थळाविषयीची माहितीही महत्त्वाची असते. चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्या व्यक्तीला घर सोडण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते, की पुढे पायऱ्या आहेत की उतार, स्वच्छतागृहाचे दार पुरेसे रुंद आहे की नाही. बर्लिनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'व्हीलमॅप' या नकाशावर कोणीही नागरिक अशी माहिती नोंदवू शकतो. पूर्णतः सुगम्य स्थळ हिरव्या रंगाने, अंशतः सुगम्य पिवळ्याने आणि दुर्गम स्थळ लाल रंगाने दाखवले जाते. भारतात ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियानाचा आरंभ झाला. २०२१ साली त्याचे भ्रमणध्वनीवरील अॅप आले. सार्वजनिक स्थळी अडथळा आढळल्यास त्याचे छायाचित्र काढून तक्रार पाठवण्याची सोय त्यात करण्यात आली. भुयारी स्थानकांत उपग्रहाचे संदेश पोचत नाहीत, म्हणून तेथे भिंतींवर लहान रेडिओ-प्रक्षेपक लावून अंध प्रवाशाच्या भ्रमणध्वनीतून 'पुढे सरकता जिना आहे' अशा सूचना देण्याचा प्रयोग लंडनच्या पिमलिको स्थानकात २०१५ साली झाला.

ही साधने पाहून असा समज होण्याची शक्यता आहे, की उत्तम यंत्र मिळाले म्हणजे प्रश्न सुटला. तो समज खरा नाही, हे दाखवणारी एक घटना भारतातच घडली. जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईतील परिषदेनंतर ते दिल्लीस गेले. त्यांचे शरीर जवळजवळ पूर्णतः निश्चल होते. त्यांची खुर्ची विजेवर चालत असे आणि त्यांचे शब्द संगणक उच्चारत असे. त्या काळातील अत्यंत प्रगत तंत्रज्ञान त्यांच्या दिमतीला होते. तरीही दिल्लीतील ऐतिहासिक वास्तू पाहण्याची त्यांची इच्छा पायऱ्यांपाशी अडली असती. अपंग हक्क चळवळीतील कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतर यांसारख्या स्थळी तात्पुरते लाकडी उतार बसवण्यात आले आणि हॉकिंग आत जाऊ शकले. विश्वाच्या उत्पत्तीविषयी बोलू शकणारे यंत्र पायरी चढू शकत नव्हते. ते काम लाकडी फळ्यांनी केले. या घटनेने आणखी एक प्रश्न उभा केला. एका पाहुण्यासाठी जे काही दिवसांत होऊ शकले, ते देशातील लक्षावधी नागरिकांसाठी इतकी वर्षे का झाले नव्हते?

याउलट, आरंभापासून विचार केला तर काय साधते, हे दिल्ली मेट्रोने दाखवून दिले. २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या या रेल्वेत लिफ्ट, उंचवट्यांच्या फरश्या, ब्रेल अक्षरे असलेली बटणे, स्थानकांच्या नावांची उद्घोषणा, डब्यात चाकांच्या खुर्चीसाठी जागा अशा सोयी करण्यात आल्या. बांधून झालेली इमारत फोडून सुगम्य करणे खर्चिक असते; आराखड्यातच सोय केली तर वाढीव खर्च अल्प असतो. हे एका साध्या गणितावरून ध्यानात येते. उतार सुरक्षित असण्यासाठी त्याचे प्रमाण १:१२ हून तीव्र असू नये, असा दंडक आहे. म्हणजे एकूण ४५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्यांना पर्याय देण्यासाठी किमान ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. आराखडा काढताना एवढी जागा सहज राखता येते. नंतर मात्र जागा उरत नाही आणि मग नावापुरता एक तीव्र उतार बांधला जातो. त्यावरून चाकांची खुर्ची चढत तर नाहीच, उलट मागे घसरते.

तंत्रज्ञान विचारपूर्वक योजले नाही, तर ते स्वतःच नवा अडथळा ठरते. लिफ्टमधील उंचवट्यांची बटणे काढून तेथे गुळगुळीत काचेचा पडदा बसवला, तर जी लिफ्ट अंध व्यक्ती कालपर्यंत स्वतः चालवत होती, तीच आज तिला परकी होते. रांगेचा क्रमांक देणारे यंत्र उंचावर बसवले, तर खुर्चीवरील व्यक्तीचा हात तेथवर पोचत नाही. बँकेचे खाते उघडताना ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्याची अट घातली गेली, तेव्हा अॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रियांना ती पूर्ण करणे अशक्य झाले. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. दुसरीकडे, यंत्राला थोडे बोलके केले तरी किती फरक पडतो, हेही दिसून आले आहे. २०१२ साली अहमदाबाद येथे युनियन बँकेने बोलणारे एटीएम सुरू केले. कानाला ध्वनियंत्र लावून, सूचना ऐकत, ब्रेल चिन्हे असलेल्या कळा दाबून अंध व्यक्ती तेथे स्वतः पैसे काढू शकते. गुप्त क्रमांक दुसऱ्याला सांगण्याची वेळ तिच्यावर येत नाही. येथे सोयीपेक्षाही मोठी गोष्ट साधली जाते, ती म्हणजे स्वावलंबन.

घरापासून इच्छित स्थळापर्यंतचा प्रवास हा एखाद्या साखळीसारखा असतो. बस ओळखणारे यंत्र हाती आहे, पण थांब्यापर्यंतचा पदपथ उखडलेला आहे. स्थानकात लिफ्ट आहे, पण ती कुलूपबंद आहे. पिवळ्या फरश्यांची ओळ आहे, पण तिच्यावर दुचाकी उभ्या आहेत. अशा वेळी उरलेल्या सर्व कड्या मजबूत असूनही प्रवास अडतोच. म्हणून यंत्र बसवण्याइतकीच त्याची देखभाल महत्त्वाची ठरते. तसेच, सोय योग्य झाली आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ती वापरणाऱ्यांचा असावा लागतो. खुर्चीवर बसून उतार चढून पाहिल्याशिवाय आणि काठी घेऊन फरश्यांवरून चालून पाहिल्याशिवाय त्यांतील दोष कागदावर दिसत नाहीत.

कायद्यानेही या दिशेने पावले टाकली आहेत. २०१६ च्या अधिनियमाखालील नियम २०१७ साली लागू झाले आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम्य करण्याचे बंधन आले. ती मुदत २०२२ साली संपली. काम मात्र अपुरेच राहिले. राजीव रतुरी यांनी दाखल केलेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी यामागील एक त्रुटी दाखवून दिली. कायद्याची भाषा बंधनकारक होती. पण नियमांतून ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले होते, त्यांचे स्वरूप शिफारशींचे होते. पाळल्या तर उत्तम, न पाळल्या तरी चालेल, अशी स्थिती कायद्याच्या हेतूशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले आणि किमान अटी सक्तीच्या करण्यास शासनास सांगितले. सुगम्यता ही कृपा नसून हक्क आहे, हे तत्त्व यातून अधोरेखित झाले.

स्थापत्यविशारद रोनाल्ड मेस यांनी यापुढचा विचार मांडला. ते स्वतः चाकांची खुर्ची वापरत. अपंगांसाठी निराळी दारे व निराळे मार्ग निर्माण करण्याऐवजी प्रत्येक वस्तू व वास्तू आरंभापासूनच शक्य तितक्या सर्वांना वापरता येईल अशी रचावी, या विचाराला त्यांनी 'वैश्विक रचना' असे नाव दिले. मागच्या अंगाने, मालाच्या दारातून आत नेलेली व्यक्ती आत पोचते खरी. पण सन्मानाने पोचत नाही. सर्वांचे दार एकच असावे, हा त्या विचाराचा गाभा आहे.

शहर किती प्रगत आहे, हे त्यातील कॅमेऱ्यांच्या, पडद्यांच्या आणि यंत्रांच्या संख्येवरून ठरवण्याचा मोह होतो. परंतु त्याचे अधिक खरे माप वेगळे आहे. ज्या शहरात अंध विद्यार्थिनी एकटी वाचनालयात जाऊ शकते, कर्णबधिर तरुण रेल्वेस्थानकात गोंधळत नाही आणि खुर्चीवरील वृद्ध कोणाच्याही खांद्याचा आधार न मागता मतदान केंद्रात प्रवेश करू शकतो, त्या शहरातील रस्ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक झालेले असतात. तंत्रज्ञान त्यासाठी साधन पुरवते. वाट सर्वांची करण्याचा निश्चय मात्र समाजालाच करावा लागतो.